आमटी आटली म्हणून कोणी मीठ घालत नाही

मागच्या मे महिन्यात आम्ही चार दिवस गुहागरला समुद्र बघायला गेलो आणि इकडे पुण्यात, सिंहगड रोडवरच्या आमच्या हॉलमधला समुद्र आटला. समुद्र म्हणजे तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी समुद्री माशांची काचेची टाकी. हिशेबाने तिच्यात १३० लिटर पाणी मावतं, पण वाळू, खडक आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की हातात जेमतेम १०० लिटर उरतं. परत आलो तेव्हा पाण्याची रेषा चांगली दोन बोटं खाली गेली होती. कोपऱ्यात खारं पाणी कालवून ठेवलेला कॅन होता. प्रवासाचा शीण होता, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. कॅन उचलला आणि रेषेपर्यंत ओतून मोकळी झाले. खाऱ्या टाकीत खारं पाणी, यात चुकण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी गोगलगायी शंखाचं दार लावून बसल्या होत्या आणि क्लाऊनफिशची जोडी कोपऱ्यात जोरजोरात कल्ले हलवत उभी होती. खायला टाकलं तर बघेनात.

गॅसवर आमटी ठेवून फोनवर बोलत बसलं की आमटी आटते आणि खारट होते. तेव्हा आपण वरून आधणाचं पाणी घालतो, मीठ घालत नाही, कारण वाफ झालं ते पाणी. मीठ पातेल्यातच आहे. एवढी साधी गोष्ट स्वयंपाकघरात कळते आणि हॉलमध्ये कळत नाही.

आता आकडे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्याला ३५ पीपीटी म्हणतात. म्हणजे माझ्या १०० लिटरमध्ये ढोबळमानाने साडेतीन किलो मीठ. पुण्याच्या कोरड्या मे महिन्यात, वर पंखा चालू असताना, या टाकीतून रोज दोनेक लिटर पाणी उडतं. चार दिवसांत आठ लिटर गेलं. साडेतीन किलो मीठ आता ९२ लिटरमध्ये, म्हणजे खारटपणा ३८. तेव्हा आठ लिटर आरओचं गोडं पाणी हळूहळू घातलं असतं तर तो परत ३५ वर आला असता. मी घातलं खारं, म्हणजे वर आणखी २८० ग्रॅम मीठ. रेषा जागेवर आली, खारटपणा होता तिथेच राहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा असंच केलं असतं तर आणखी वर चढला असता.

दोन-तीन पीपीटीने माशाला एवढं काय होतं? समुद्री माशाच्या शरीरातला द्रव समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच खारट असतो. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. पाण्यात राहून तो कायम तहानलेला. तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, चोवीस तास. खारटपणा अचानक वाढवणं म्हणजे आधीच डबल ड्यूटी करणाऱ्याला आणखी एक पाळी लावणं. गोगलगायींकडे तर ही यंत्रणाही नाही. बाहेर जसं, तसं आत. म्हणून त्या आधी दार लावतात.

खऱ्या समुद्रात हा प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नसतो. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर नावाच्या जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले, तर कुठल्याही महासागरातलं पाणी घ्या, त्यातल्या प्रमुख क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच निघालं. क्लोराइड ५५ टक्के, सोडियम ३० च्या वर, मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. लाखो वर्षं इतकं एकसारखं पाणी मिळालेल्या जिवाला आपण शंभर लिटरच्या डब्यात आणतो. त्या पाण्यात एक चमचा काही पडलं तरी फरक पडतो. खाऱ्या टाकीचं रसायन सांभाळायचं म्हणजे पुस्तकातला आदर्श आकडा गाठायचा नसतो. आहे तो आकडा हलू द्यायचा नसतो, आणि हलवायचाच असेल तर मुंगीच्या पावलांनी. माझ्या टाकीचं मी तेच केलं. रोज दोन लिटर खारं काढलं, दोन लिटर गोडं घातलं, चार दिवसांत ३५ वर आणलं. एका दिवसात आणलं असतं तर तो दुसरा धक्का झाला असता.

पाहुणे हमखास विचारतात, यात मीठ आपलं नेहमीचंच का? नाही. वरची टक्केवारी पाहिली तर स्वयंपाकाच्या मिठात सोडियम आणि क्लोराइड सोडून बाकी मंडळी जवळपास नाहीतच. ॲक्वेरियमसाठी वेगळं समुद्री मीठ मिळतं, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं कारण त्यात थोडा ओलावा धरलेला असतो. नेमकं पाकिटावर बघा. आधी पाणी, मग त्यात मीठ थोडं थोडं, पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा छोटा पंप, लावून रात्रभर फिरत ठेवायचं. आधी मीठ आणि वरून पाणी असं केलं तर तळाशी चुना बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. कोकणातून कॅन भरून आणण्याची कल्पनाही प्रत्येकाला एकदा सुचतेच. किनाऱ्याजवळचं पाणी खाडीच्या, नदीच्या, गावाच्या सांडपाण्याच्या संगतीतलं असतं, पावसाळ्यात पातळ होतं, आणि त्यातले सूक्ष्मजीव कॅनमध्ये, ताम्हिणी घाट चढेपर्यंतच, मरायला लागतात. घरी पोचतो तो काढा.

मीठ चांगलं घेतलं तरी ते कालवायचं पाणी कुठलं? महापालिकेचं पाणी धरणाचं, तसं मऊ, पण त्यात क्लोरीन असतं, आणि उन्हाळ्यात टँकर आला की ते कुठल्या विहिरीचं हे टँकरवाल्यालाच ठाऊक. बोअरचं पाणी आपल्या काळ्या कातळातून येतं, जड असतं, बादलीच्या काठावर पांढरा थर धरणारं. म्हणून आरओ. पण स्वयंपाकघरातल्या आरओवर भरवसा ठेवण्याआधी त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, मोजा. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून बहुतेक मशीनमध्ये थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम मिसळतात. टाकीला लागतं शून्याच्या जवळचं, त्यासाठी आरओच्या पुढे डीआयचा, म्हणजे उरलेसुरले क्षार काढणारा, एक फिल्टर जोडावा लागतो. रोज दोन लिटर पाणी उडणार आणि दोन लिटर घालणार, म्हणजे वर्षाला सातशे लिटर. त्यात जे काही विरघळलेलं असेल ते सगळं टाकीत साठत जाणार. पाणी उडतं, बाकीचं कुठे जात नाही.

याच कारणाने घरात एकदा गोड भांडण झालं. वरून घालायच्या पाण्याचा कॅन रिकामा दिसला म्हणून सासूबाईंनी तो मायेने तांब्याच्या कळशीतून भरून ठेवला. “अगं, तांब्याचं पाणी चांगलं असतं.” माणसाला असेल हो आई, पण कोळंबी-गोगलगायींना तांबं म्हणजे विष आहे. माशांच्या अंगावरच्या परजीवींवर औषध म्हणून तांबंच वापरतात, लिटरला एक मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शाएवढं. तेही वेगळ्या टाकीत, जिथे बिनकण्याचं कोणी नसतं. कॅनवर आता स्केचपेनने लिहिलं आहे : फक्त आरओ, फक्त प्लास्टिक.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काटा तरंगणारं स्वस्तातलं हायड्रोमीटर त्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी खोटं बोलतं. रिफ्रॅक्टोमीटरही साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वर बरोबर असेलच असं नाही, त्यासाठी ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, महिन्याकाठी त्यावर जुळवून घ्यावं.

इथपर्यंतचं बहुतेकांना पटतं. खरा गोंधळ सुरू होतो पीएचपाशी.

पीएच म्हणजे पाणी या क्षणी आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे, त्याचं माप. समुद्राचा ८.१ च्या आसपास असतो, घरात ७.८ ते ८.४ च्या दरम्यान कुठेही चालून जातो. अल्कलिनिटी म्हणजे येणारं आम्ल पचवायची पाण्याची ताकद, ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे असते. ती डीकेएच या एककात मोजतात, समुद्रात ७ च्या आसपास, टाकीत ८ ते ९ ठेवतात. नावं सारखी वाटतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. पुणेकराला यातला फरक सांगणं मात्र सोपं आहे. पावसाळ्यात आपण सकाळी चहाबरोबर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत मिळून किती टीएमसी पाणी झालं ते वाचतो. चारही भरली की २९ टीएमसीच्या वर. तो साठा म्हणजे अल्कलिनिटी. आणि आज नळाला किती जोर आहे, तो पीएच. नळाचा जोर दिवसात दहादा बदलतो, खालच्या मजल्यावर कोणी मोटार लावली तरी बदलतो. म्हणून धरण आटलं असं कोणी म्हणत नाही.

मी म्हटलं. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, हॉलमध्ये वीस-बावीस माणसं, समई, कापूर, दहा-बारा आरत्या आणि शेवटी मंत्रपुष्पांजली. सगळे गेल्यावर सहज मीटर घातला तर सकाळचा ८.१ रात्री ७.८ झालेला. पोटात गोळा आला. दुकानातून आणलेली पीएच वाढवायची बाटली होती, टोपणभर ओतली. तासाभरात ८.१. दुसऱ्या दिवशी आरती, पुन्हा ७.८, पुन्हा टोपण. विसर्जनाच्या दिवशी टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं दिसत होतं आणि हीटरच्या नळीवर चुन्याचा खरबरीत थर चढला होता. अल्कलिनिटी मोजली : १३.

झालं काय होतं? बावीस माणसं श्वास सोडत होती. खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढला की तो पाण्यात विरघळतो, त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, पीएच उतरतो. धरणातलं पाणी मात्र जसंच्या तसं, कारण कार्बन डायऑक्साइडने अल्कलिनिटी कमी होत नाही. माझ्या बाटलीत होता कार्बोनेटचाच अर्क. मी रोज नळाचा जोर वाढवायला धरणात पाणी ओतत होते, आणि पाचव्या दिवशी धरण सांडलं. कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना भेटले आणि चुना होऊन हीटरवर बसले. औषध होतं खिडकी. रात्री बाल्कनीचं दार उघडं टाकलं, सकाळी पीएच आपला आपण वर.

तुमच्याकडेही पीएच कमी दिसला तर आधी एवढं करून बघा. टाकीतलं पेलाभर पाणी बाल्कनीत न्या, त्यात हवेचा पंप तासभर बुडबुडत ठेवा आणि पुन्हा मोजा. वाढला, तर दोष खोलीतल्या हवेचा. नाही वाढला, तर अल्कलिनिटी तपासा. शिवाय पीएचला दिवस-रात्रीची भरती-ओहोटी असते. दिवसा शेवाळं उजेडात कार्बन डायऑक्साइड खातं म्हणून संध्याकाळी तो सर्वांत वर, पहाटे सर्वांत खाली. एक दिवस सकाळी आणि एक दिवस रात्री मोजून “पडला” म्हणण्यात अर्थ नाही. एकच वेळ ठरवा. मी दात घासल्यावर मोजते.

अल्कलिनिटी खरोखर उतरते ती हळू. माशांच्या मलमूत्रावर जिवाणू काम करतात तेव्हा आम्ल तयार होतं, ते ती खातं. गोगलगायी शंख बांधायला ती वापरतात, खडकावरची गुलाबी-जांभळी चुनखडी शेवाळंही. मोजायचं किट साधं आहे. माझ्या किटमध्ये ५ मिली पाणी, त्यात थेंब टाकत जायचे, निळ्याचा पिवळा झाला की मोजलेले थेंब म्हणजे डीकेएच. पिवळ्या बल्बखाली बघू नका, तिथे सगळंच पिवळं दिसतं. आणि कमी आली तर महागड्या बाटलीची गरज नाही. १०० लिटर पाण्यात एक डीकेएच वाढवायला तीन ग्रॅम खायचा सोडा पुरतो. खायचा सोडा, म्हणजे नुसतं सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नाही, पापडखार नाही, धुण्याचा सोडा तर नाहीच नाही. समजा साडेसहा निघाली आणि आठ हवी आहे, तर साडेचार ग्रॅम लागेल, ते पेलाभर आरओच्या पाण्यात विरघळवून दोन-तीन दिवसांत विभागून, जिथे प्रवाह जोराचा आहे तिथे ओतायचं. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त नाही.

कॅल्शियम लिटरला ४०० ते ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, हे दोन आकडे फक्त मासे-गोगलगायी असलेल्या टाकीत नियमित पाणी बदललं की सहसा जागेवर राहतात. प्रवाळ पाळणाऱ्यांना ते रोज बघावे लागतात, पण भारतात तो रस्ता सरळ नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात २००१ मध्ये खडक बांधणारी प्रवाळं, समुद्री पंखे (पंख्यासारखी पसरणारी प्रवाळं) आणि समुद्रघोडे घेतले गेले. कोणी “सुंदर पीस आहे, घेऊन जा” म्हणालं तरी हात जोडा. खडक सिरॅमिकचे मिळतात. क्लाऊनफिश तर आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हॅचरीत वाढवण्याचं तंत्र बसवलं आहे. हॅचरीतली मागा, ती टाकीला सरावलेलीही असतात.

नवीन टाकीचा खरा यम अमोनिया. मासे तो कल्ल्यांतून सोडतात, उरलेलं खाणं कुजून तो होतो. वासही येत नाही, पाणी नितळ दिसतं आणि मासे वर येऊन धापा टाकतात. गोड्या पाण्यातले अनुभवी लोक इथे फसतात. अमोनियाची दोन रूपं असतात, त्यातलं एक विषारी, आणि पीएच जितका वर तितकं ते रूप जास्त. पीएच ७ ला एकूण अमोनियाच्या एक टक्काही ते नसतं, ८.२ ला सात टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे गोड्या टाकीत खपून जाणारी चूक इथे दहापटीहून महाग पडते. यावर इलाज जिवाणूंचा. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू सावकाश वाढतात, चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकीत मासा नको. त्यांना खायला म्हणून मी मंडईतून आणलेली एक कोळंबी जाळीच्या पुरचुंडीत बांधून टाकीत टांगली होती. अमोनिया चढला, मग नायट्राइट चढलं, मग दोन्ही शून्यावर आले. त्या सहा आठवड्यांत येणाऱ्या-जाणाऱ्याने “मासे कुठेत?” विचारून जीव नकोसा केला. कोणी बघायला येणार आहे म्हणून घाईने मासे सोडू नका.

नायट्रेट त्यामानाने सुसह्य, लिटरला वीस मिलिग्रॅमच्या खाली ठेवला की पुरे. पण आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर नायट्रेटही दहा टक्केच कमी होतो, ४० चा ३६. मध्ये नवीन अजिबात तयार झाला नाही असं धरलं तरी निम्मा व्हायला सात आठवडे. तेव्हा मूठभर खाणं टाकून नंतर बादल्या उपसण्यापेक्षा चिमूटभर टाका.

तापमान २४ ते २७. मेमध्ये आमचा हॉल ३५ ला जातो, टाकी ३१ ला, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण बाष्पीभवन वाढतं आणि गोष्ट परत आमटीपाशी येते. म्हणून मी एक फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, बसवलाय, पातळी उतरली की छोटा पंप आपोआप आरओचं पाणी घालतो. त्याचा कॅन मुद्दाम दहा लिटरचाच ठेवलाय. फ्लोट अडकून सगळा कॅन रिकामा झाला तरी खारटपणा ३१ च्या खाली जाणार नाही. वीज गेली तर पंपाला इन्व्हर्टर.

आठवड्याचा क्रम साधा आहे. आमच्याकडे दुरुस्तीसाठी पाणी बंद राहायचं ते बहुधा गुरुवारी, म्हणून बुधवारी रात्री आरओचे कॅन भरते. शनिवारी दहा लिटरमध्ये मीठ कालवते, रविवारी सकाळी खारटपणा आणि तापमान टाकीशी जुळलं की दहा लिटर काढून दहा घालते आणि वहीत चार आकडे लिहिते. आरओमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला जातं. टाकीतून काढलेलं मात्र थेट मोरीत. पहिल्या वर्षी पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून मी ते बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घातलं होतं. तीन रविवारांत पानं कडेने करपली, पाचव्या रविवारी कुंडीत नुसती काडी उभी होती आणि मातीवर मिठाची पांढरी साय.